पान एकतीस

४ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. आत्यालाही वेगळा नमस्कार, नाहीतर हे पत्र ती आठवडाभर पिठाच्या डब्याखाली ठेवून देईल. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आत्याला नको तेवढं ऐकू येतं. शिवाय जे विचारायचं आहे ते लेखी असलेलं बरं.

कोशाच्या कार्यालयात मला आठ महिने झाले. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या नोंदींतले पानांचे आकडे तपासत होते. या आठवड्यात पहिल्यांदाच एक अख्खा इंग्रजी शब्द माझ्या टेबलावर आला: क्रिमझन, गडद लाल. संपादकबाई म्हणाल्या, "मागे मागे जात राहा. वाट संपेल तिथे थांब. उडी मारू नकोस."

वाट फार सुंदर आहे, काका. इंग्रजीच्या मागे मध्ययुगातल्या लॅटिन आणि स्पॅनिशमधली रूपं. त्यांच्या मागे अरबी 'किर्मिझी', म्हणजे किर्मिझचा. किर्मिझ हा ओकच्या झाडाला चिकटून बसणारा इवलासा किडा. तो वाळवून कुटला की लाल रंग मिळतो. इतका इवलासा की ग्रीकांना ते झाडाचं फळच वाटलं. त्याच्या मागे फारसी 'किर्म', किडा, आणि अगदी शेजारी संस्कृत 'कृमि'. आपला किरमिजी याच घरातला. इथपर्यंत माझं पाऊल कुठे घसरलं नाही.

पुढे दोन वाटा फुटतात. किड्यापासून झालेला तो 'कृमिज', हा संस्कृत शब्दच फारसीने उचलला? की 'किर्म' आणि 'कृमि' ही नुसती भावंडं, आणि रंगाचं नाव फारसीच्या घरात आपलं आपण जन्मलं? माझ्या हाताशी असलेले कोश इथे 'बहुधा' लिहून पुढे सरकतात. आमच्याकडे मात्र पुरावा आहे, आणि तो तुमचा आहे. कोशासाठी पुस्तकं वाचणारे 'वाचक' म्हणून तुम्ही तीस वर्षं घरबसल्या टिपून पाठवलेल्या कार्डांपैकी एक. वर लिहिलंय: 'कृमिज. रंग. मालयादी, पान ३१.' त्या जुन्या व्यापाऱ्याच्या मध्य फारसीतल्या मालयादीत हा शब्द असेल, तर प्रश्नच मिटला. बाई इतक्या खूश आहेत की त्यांनी प्रस्तावनेत यावर एक परिच्छेद लिहिलाय. एक मार्चला खंड छापखान्यात जाणार.

आता अडचण. पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे तर्क, शाईने लिहिलेलं म्हणजे पान डोळ्यांनी पाहिलेलं, हा इथला नियम. मला तो नोकरी लागायच्या आधी पंधरा वर्षं ठाऊक आहे, तुमच्या टेबलावरून. तुमचं कार्ड शाईचं आहे. पण मालयादीची छापील प्रत मी काल काढली, आणि ती अठ्ठावीस पानांची आहे.

दुसरी प्रत कुठे पाहिली होतीत? कार्डामागे अठरा वर्षांपूर्वीचा आवक शिक्का आहे, त्यावरून काही आठवलं तर कळवा. शाई जरा फुटलीय, तुमच्या कार्डांवर अशी फुटत नाही. चूक माझीच असणार. मी प्रत नीट मोजली नसेल. उद्या पुन्हा मोजते.

तुमची,
टिपकागद


१० फेब्रुवारी

चि. टिपकागदास,

अनेक आशीर्वाद. पत्र पिठाच्या डब्याखाली गेलं नाही, थेट हाती आलं, कारण आत्या शेजारी बसून मीच ते मोठ्याने वाचावं म्हणून थांबली होती. मधलं थोडं मनात वाचलं.

वाट चांगली चाललीयस. एक भर घाल: वर्मिलियन हा लाल रंगही किड्यावरूनच आला आहे, पण लॅटिनच्या किड्यावरून, 'वर्मिस'. एका रंगासाठी दोन भाषांनी किड्याची दोन वेगळी नावं कुटली. वाचकाला हे सांगितलंस तर तो 'कृमि' आणि 'वर्मिस' यांची गल्लत करणार नाही.

माझा गुडघा आहे तसाच आहे. आत्याने त्यावर तीन तेलं चोळून पाहिली, आता चौथं येतंय. खिडकीची कडी बसवून घेतली.

पान एकतीसचं म्हणशील तर ते कार्ड काढून टाक. नोंद 'बहुधा'वर थांबव. बाईंना सांग, वाचकाने परत मागितलं. जास्त खणत बसू नकोस, वेळ कमी आहे.

काका


१३ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचं पत्र चारदा वाचलं. गुडघ्याला एक परिच्छेद आहे आणि पान एकतीसला चार वाक्यं.

प्रत मी तीनदा मोजली. अठ्ठावीसच. ग्रंथालयातल्या बाईंनी चौथ्यांदा मोजून दिली आणि म्हणाल्या, "आता घरी जा."

कार्ड असं परत मागता येत नाही, काका. शाईचं कार्ड काढायचं तर वहीत कारण लिहावं लागतं. कारणं तीनच चालतात: पान हरवलं, आकडा चुकला, किंवा पान पाहिलंच नव्हतं. यातलं तिसरं लिहिलं की त्या वाचकाची सगळी कार्डं बाजूला जातात. सगळी. बाईंच्या आधीच्या संपादकांच्या काळात एका वाचकाने न पाहिलेली पानं शाईने लिहून पाठवली होती आणि छापलेला खंड परत बोलवावा लागला होता, तेव्हापासूनचा हा नियम. तुमची दोन हजार तीनशे कार्डं आहेत. मी काल खणांसमोर उभी राहून नुसती पाहत होते. या खंडात जवळजवळ दर चौथ्या पानावर तुमचं काहीतरी आहे.

काल बाईंनी विचारलं, "काकांचं उत्तर आलं?" मी म्हटलं, "गुडघा दुखतोय त्यांचा." त्या म्हणाल्या, "मी गुडघ्याचं विचारलं नव्हतं." मग म्हणाल्या, "तू पुतणी आहेस म्हणून हे काम तुझ्याकडून काढून घेणार होते. पण तू तुझ्या सावलीलाही पावती मागतेस, म्हणून राहू दिलं." काका, मला त्यांच्यासमोर नजर वर करता येईना.

आकडा चुकला असेल तर मला सांगा, एकवीस असेल, तेरा असेल, मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पानं अक्षर अन् अक्षर पाहून घेते. पान हरवलं असेल तर तसं सांगा. पण नुसतं 'काढून टाक' म्हणू नका.

तुम्ही ते पान पाहिलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

टिपकागद


१७ फेब्रुवारी

चि. टिपकागदास,

नाही.

हस्तलिखितांच्या एका जुन्या सूचीत लिहिलं होतं की मालयादीतली रंगांची पानं, एकोणतीस ते एकतीस, गहाळ आहेत. मला वाटलं, हा शब्द असेल तर तिथेच असेल. पाहिलं मात्र नाही. तरी शाईने लिहिलं. त्या वेळी आपलं कार्ड कोशाला उपयोगी पडावं असा मोह झाला असेल. माणसाला होतो.

सोबत कार्यालयाच्या नावाने वेगळं पत्र जोडलंय. त्यात हेच आहे, खाली सही आहे. ते बाईंना दे. वहीत तिसरं कारण लिही आणि माझी कार्डं बाजूला काढा. ज्यांची पानं पुन्हा पाहता येतील ती दुसरं कोणी पाहील. काम वाया जात नाही, फक्त नाव जातं.

तू स्वतःला यात ओढू नकोस. तुझा याच्याशी काही संबंध नाही. हे वाक्य दोनदा वाच.

काका


२० फेब्रुवारी

काका,

दोनदा वाचलं.

तुमचं कबुलीपत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोन दिवस झाले, मी ते दिलेलं नाही, म्हणजे आता मीही काहीतरी लपवते आहे. कार्यालयात कोणी हाक मारली तरी दचकते. काल हातातून कार्डांचा ट्रे पडला आणि ती पुन्हा लावायला दुपार गेली. बाईंची प्रस्तावना टाइप होऊन आलीय. त्यात "आमच्या एका वाचकाच्या डोळस श्रमामुळे" असं वाक्य आहे. डोळस. मला ते तपासायला दिलंय.

दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. आई-बाबांच्या बदल्या चालायच्या आणि मी तुमच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्याशी बसायचे. तुमच्याकडे शिक्षा एकाच गोष्टीला होती: पुटपुटण्याला. उत्तर येत नसेल तर उठून उभं राहायचं, हात बाजूला, आणि स्पष्ट आवाजात म्हणायचं, "माहीत नाही." मग तुम्ही म्हणायचात, "छान. आता बस, शोधू." मला आठवतं, एकदा मी न वाचलेलं पुस्तक वाचलं असं सांगितलं, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. दिवसभर माझ्याशी नेहमीसारखं बोललात आणि झोपताना म्हणालात, "उद्या वाच, म्हणजे आजचं खरं होईल." मी ते पुस्तक नऊ दिवसांत संपवलं. अजूनही मी बसची वेळ सांगताना 'बहुधा' म्हणते. मैत्रिणी हसतात.

आणि तुम्हाला मोह झाला. 'माणसाला होतो.'

सोमवारी सकाळी मी पत्र बाईंना देणार आहे. तुम्ही मला शिकवलंत त्यातलं शाईचं किती होतं, हे आता मला कळेनासं झालंय.

मी


२३ फेब्रुवारी

पोरी,

मी आत्या लिहितेय. माझं अक्षर तुला लागणार नाही असं दादा म्हणतो, पण तो हे वाचणार नाहीये, तेव्हा त्याने बोलू नये. हे पत्र मी सोमवारच्या आत पोचावं म्हणून मंडईत जाणाऱ्या शेजारणीच्या जावयाबरोबर पाठवतेय. त्याची तुमच्याच रस्त्यावर फेरी असते. त्याला चहा विचार.

तुझं पत्र दादाने वाचलं. घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवली. चष्मा बाहेरच राहिला, त्यावर मी बसले. आता दोन दिवस त्याला दिसत नाही म्हणून काही वाचत नाही, आणि जेवताना आमटी घेऊन पोळी विसरतो. मी म्हटलं, पुरे झालं.

त्याने मला शपथ घातलीय. शपथ मी मोडतेय, पाप माझ्या माथी.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा दादाच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. तीन आठवडे डोळ्यांवर पट्ट्या, त्यातले बारा दिवस दवाखान्यात. तू दिवसभर "आता काय करू" म्हणत माझ्या पायात यायचीस. मला स्वयंपाक, दवाखाना, डबे. त्याच्या टेबलावर कार्डांचा एक गठ्ठा होता, पेन्सिलीने लिहिलेला. मी तुला शाईचा टाक दिला आणि म्हटलं, हे गिरव. दादाचं अक्षर चांगलं आहे, तुझंही होईल. तू काय बसलीस म्हणून सांगू. जीभ बाहेर काढून, अक्षर अन् अक्षर, चार दिवस. एवढं शहाणं पोर मी पाहिलं नव्हतं.

मग कोशवाल्यांचं पत्र आलं की या महिन्याची कार्डं पाठवा. दादा पट्टीतून म्हणाला, कपाटातली पाकिटं टाक पोस्टात. मी ती टाकली, आणि टेबलावरचा गठ्ठाही टाकला. आता शाईने झालाच होता ना. मला काय माहीत तुमचं ते पेन्सिल आणि शाईचं. मला वाटायचं, पेन्सिलीला टोक नसलं की तो शाई घेतो.

घरी येऊन पट्ट्या सुटल्यावर त्याने गठ्ठा शोधला. मी म्हटलं, गेला. तो म्हणाला, जाऊ दे, पेन्सिलीचा आहे, त्यांना कळेल. गिरवल्याचं मी सांगितलं नाही. विचारलंच नाही कोणी.

तुझं पहिलं पत्र वाचताना 'शाई' आली तिथे तो थांबला. मला विचारलं, "तिने गिरवली होती का गं ती?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ खिडकीच्या कडीशी खेळत बसला. मग म्हणाला, "तिला कळता कामा नये. ती या कामात उभी राहतेय. तिला कळलं तर जन्मभर स्वतःचा हात तपासत बसेल."

आता तुझं तू ठरव. मला एवढंच कळतं की तो खोटं बोलायला बसला की त्याचं अक्षर फार सुंदर येतं. ते कबुलीपत्र बघ कसं मोत्यासारखं आहे.

आत्या

ता.क. जावयाला साखर कमी लागते.


२७ फेब्रुवारी

ती. काका,

आत्याला ओरडू नका. ओरडलात तरी तिला फरक पडणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच.

सोमवारी मी कार्यालय उघडायच्या आधी दारात होते. कार्ड घेऊन खिडकीशी गेले, भिंग लावलं. इतके दिवस मी त्यावर काय लिहिलंय तेच वाचत होते, कसं लिहिलंय ते पाहिलंच नव्हतं. शाईखाली पेन्सिल आहे. 'कृ'च्या खालच्या वळणाला टाक बाहेर गेलाय आणि तुमची करडी रेघ एकटीच पुढे जाते. प्रत्येक अक्षर सुरू होतं तिथे शाईचा ठिपका आहे, टाक टेकवून थांबल्याचा. तुम्ही कधी असे थांबत नाही. थांबायचे ती मी. ते चार दिवस मला फक्त अक्षर गिरवण्याचा अभ्यास म्हणून आठवतात. ३१ मधला तीन तर मी शेपटीकडून चढवलाय.

त्या तारखेच्या शिक्क्याची सगळी कार्डं काढली. शाईखाली पेन्सिल असलेली एक्केचाळीस. त्यातली सव्वीस आधीच्या खंडांत वापरली गेलीत की नाहीत हे पाहायला मी दुपारपर्यंत उभीच होते. चार वापरलीत. त्या चारही ठिकाणी पानं खरी निघाली. तुमचे तर्क बरोबर होते. मला हे कळल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पान असलं म्हणून न पाहता लिहिलेलं पाहिलेलं होत नाही. उरलेल्या पंधरांचा शोध अजून चालू आहे.

मग गठ्ठा, भिंग आणि आत्याचं पत्र घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी आधी कार्ड पाहिलं, मग पत्र वाचलं, मग पुन्हा कार्ड. मग भिंग खाली ठेवून विचारलं, 

"वय काय होतं तुझं?"

"सात."

"आणि हे मला सांगायची गरज नव्हती. कबुलीपत्र तुझ्या खणात होतं. ते दिलं असतंस तर तू मोकळी होतीस."

मी म्हटलं, "ते पत्र खरं नाहीये."

त्यांनी प्रस्तावनेचं ते पान काढलं आणि परिच्छेदावर एक आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही. त्यांना ती ओळ आवडली होती, काका, मला माहीत आहे. छापखान्याला फोन करून तीन दिवस मागून घेतले. वहीत चौथं कारण लिहावं लागलं, कारण पहिल्या तिन्हींत हे बसेना: 'नक्कल करणाऱ्याने तर्क शाईने गिरवला.' नक्कल करणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे. पत्र खणात दाबून ठेवल्याबद्दल वर्षभर मला स्वतंत्र शब्द मिळणार नाही, पुन्हा पानांचे आकडे. मी विचारलं, "आणि काकांची कार्डं?" त्या म्हणाल्या, "त्यांनी पेन्सिलीनेच लिहिलं होतं ना? मग त्यांना कशाला हलवायचं?" दोन हजार दोनशे एकोणसाठ कार्डं जागच्या जागी आहेत. एक्केचाळीस मी पुन्हा लिहून काढतेय, पेन्सिलीने.

तेवढी एक नोंद मात्र बाईंनी मलाच पुरी करू दिली. सोबत तिची नक्कल पाठवतेय. शेवटचं वाक्य नीट पाहा.

मागच्या पत्रातलं माझं शेवटचं वाक्य मला परत घ्यायचं आहे. ते शाईने लिहिलं होतं, त्यामुळे तुमच्या चष्म्याच्या घरातून ते जाणार नाही. तरी त्यावर आडवी रेघ मारा. सरळ नाही आली तरी चालेल.

तुमचं कबुलीपत्रही परत पाठवते आहे. त्यातली मोहाची गोष्ट तुम्ही पाहिलेली नव्हती, काका. तरी शाईने लिहिलीत. मला कळता कामा नये, हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नव्हतं. हे सोडून रागवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

टिपकागद

(सोबतची नोंद)

क्रिमझन. गडद लाल, किरमिजी. मध्ययुगीन लॅटिन व स्पॅनिशमार्फत अरबी 'किर्मिझी'वरून. 'किर्मिझ', रंग देणारा किडा. फारसी 'किर्म' आणि संस्कृत 'कृमि' ही भावंडं. वर्मिलियनही किड्यावरूनच, पण लॅटिन 'वर्मिस'वरून. ते घर वेगळं. अरबीने हे नाव फारसीकडून घेतलं असावं. फारसीने ते संस्कृत 'कृमिज'वरून उचललं, की तिच्या स्वतःच्या 'किर्म'वरून झालं? माहीत नाही.


४ मार्च

चि. टिपकागदास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. रेघ मारली, वाकडी आली. कबुलीपत्राच्या पाठीमागे आत्याने सामानाची यादी केली आणि ते दुकानात गेलं, तेव्हा तो विषय मिटला. ठरवण्याबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. मला यापुढे विचारायला हवं.

चष्मा नवीन आला. पहिलं काय वाचलं तर तुझी नोंद. आत्या ऐकायला बसली होती, म्हणून मोठ्याने वाचली. शेवटच्या दोन शब्दांपाशी आल्यावर उठून उभा राहिलो, हात बाजूला घेतले आणि म्हटले.

आत्या म्हणाली, "गुडघा दुखत नाही का तुझा?"

म्हटलं, दुखतोय. पण हे बसून म्हणायचं नसतं.

काका